मोर्णेच्या कोरड्या पायऱ्या

जानराव आले की आमची पोर मोरीत जाऊन लपायची. नऊ वर्षांची मुलगी, पण त्यांच्या वहाणांचा आवाज तिला अंगणातूनच ओळखू यायचा. जानराव म्हणजे माझ्या भावजयीचे, इंदूचे मामा. पातूरला शेती. दर रविवारी अकोल्याच्या बाजाराला यायचे आणि बाजार आटोपला की जुन्या शहरात आमच्याकडे चहाला टेकायचे. माणूस वाईट नाही. पण पाणी पिऊन मिशा पुसल्या की पहिलं वाक्य ठरलेलं.

"भागी कुठी हाय? बोलाव तिले. औटकी म्हन म्हना, नवापर्यंत."

औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा. भागीरथा मोरीतून बाहेर यायची, भिंतीला पाठ लावून उभी राहायची आणि कौलांकडे बघत एका दमात म्हणून मोकळी व्हायची. शेवटी 'साडेएकतीस' आलं की जानराव मान डोलवायचे. मामांना औटकीतलं तेवढं एकच उत्तर येतं, हे मला फार उशिरा कळलं. मधे पोरीनं काहीही म्हटलं असतं तरी त्यांना पत्ता लागला नसता.

आणि माझा भाऊ देवमन? तो रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला. पोरगी पाढा म्हणत असली की याचे ओठ तिच्याबरोबर हलत. छप्पन साली दीक्षा घेऊन नागपूरहून परत आला, तेव्हा त्यानं भिंतीवरचे देव उतरवले आणि त्याच खिळ्याला पाटी टांगली. तोवर सगळं मला मान्य होतं. पण पाटी टांगली ती टांगलीच. शेजारी आला, पोरगी उभी. सोयरे आले, पोरगी उभी. एकदा तर घोंगडी विकायला आलेल्या माणसानं पाणी मागितलं, तर देवमननं त्यालाही निमकी, म्हणजे अर्ध्याचा पाढा, ऐकवली. त्या बिचाऱ्याला पाणी मिळालं ते निमकी संपल्यावर.

मी मास्तरीण. नवरा वारल्यापासून भावाकडे राहते आणि मुलींच्या शाळेत तिसरी-चौथी शिकवते. शाळेत रोज बघते ना मी, पाठांतरानं टम्म भरलेल्या पोरी! पहिल्या नंबरानं पास होतात आणि खिडकीबाहेर काय चाललंय हे मान वळवून बघत नाहीत. आमची भागी तशी होऊ नये, एवढीच माझी तळमळ. ही पोर लहानपणी प्रश्न विचारून विचारून जीव खायची आणि मला त्याचं कोण कौतुक होतं.

"देवमन, पोरीचं शिकनं नासवून राहिला तू," मी एकदा स्पष्टच बोलले. "अशानं तिले पुस्तकाचा वीट येईन."

"बाई," तो म्हणाला. मी थोरली, म्हणून तो मला बाई म्हणतो. "आपल्याले कोनी इचारलं होतं काय? आपन वर्गाच्या दारात पोत्यावर बसलो. गुरुजीनं कदी एक पाढा इचारला नाई मले. आता लोकं घरी येऊन माह्या पोरीले इचारून राहिले. तं सांगू दे न तिले."

त्या दिवशी मी दोन वेळा भांडी आपटली.

बासष्ट सालच्या श्रावणातली गोष्ट. मी बेचाळीस वह्या तपासत बसले होते आणि भागी शेजारी येऊन उभी राहिली.

"आत्या, आज पाऊस नव्हता."

"बरं."

"तरी नदी वाढली. तीन पायऱ्या बुडाल्या. मंग पानी कुठून आलं?"

"पाचवीच्या भूगोलात आहे ते," मी मान वर न करता म्हणाले. "आधी चौथी तं पास हो."

हे मी बोलले. त्याच दिवशी सकाळी भावाला तासभर सुनावलं होतं, तीच मी.

दुसऱ्याच दिवशी मला ती वही सापडली. ट्रंकेखाली होती. देवमन मालधक्क्यावरून पाठकोरे कागद आणायचा, इंदूनं त्यांची दाभणानं सुतळीत वही शिवून दिली होती. मी उघडली आणि उभीच राहिले. जूनपासून रोजची नोंद! आमच्या गल्लीच्या टोकाला मोर्णा नदीत उतरायला दगडी पायऱ्या आहेत. पोरगी रोज शाळा सुटल्यावर तिथं जाऊन पाण्यावर किती पायऱ्या कोरड्या आहेत ते मोजून लिहीत होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला दाखवलं नव्हतं. 'आज नऊ. म्हैस रुंद पायरीवर बसली, उठतच नाही.' 'आज आठ. पाणी चहासारखं.' 'आज पाच. पाऊस नव्हता. पाणी कुठून आलं? आत्याला इचारलं. आत्याला येळ नव्हता.'

माझे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू, अभिमानानं भरून आले. वीस वर्षं मी ज्याची वाट बघितली ते माझ्याच घरात ट्रंकेखाली पडलं होतं.

आणि मग मी काय केलं? लाल पेन्सिल घेतली.

हात आपोआप गेला हो, दुसरं काय सांगू? आकड्यांपुढे बरोबरच्या खुणा केल्या. म्हशीवर काट मारली. 'विषय सोडून लिहू नये' असा शेरा दिला. शेवटच्या पानावर, जिथं आत्याला येळ नव्हता, तिथं खाली ठळक लिहिलं, 'दहापैकी सहा. प्रयत्न चांगला.' सहा! बाकीचे चार मी कुठे ठेवले होते देव जाणे. माझ्या मते मी तिला उत्तेजन देत होते.

एवढ्यावर भागलं नाही. रविवारी जानराव आले तेव्हा मीच तिला मोरीतून ओढून काढलं. "औटकी राहू द्या मामा, आज काही वेगळं ऐका," म्हणून वही तिच्या हातात दिली. तिनं पान उघडलं. लाल खुणा बघितल्या. माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीला पाठ लावून, कौलांकडे एकदा आणि वहीकडे एकदा बघत सगळं वाचून दाखवलं, म्हैस गाळून.

"वा वा," जानराव म्हणाले. "आता औटकी म्हन."

दुसऱ्या दिवसापासून पोरगी नदीवर गेली नाही. मी म्हटलं, का गं? तर पाय दुखतो. पुढच्या दिवशी डोकं. मी हटणारी नव्हते. टिळक रोडवरून रेघांची नवी कोरी वही आणली, पट्टीनं रकाने आखून दिले: दिनांक, वेळ, कोरड्या पायऱ्या, शेरा. मुलांना योग्य साधनं मिळाली की गोडी वाढते, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. आणि गोडी वाढली की! भागी मुकाट्यानं वही भरू लागली. अक्षर देखणं, खाडाखोड नाही, म्हैस नाही. मी रोज सही करायची. आठ, मग नऊ, मग दहापैकी दहा. देवमनला सांगितलं, "पाय, याले म्हनतात शिकवनं." तो बापडा वही हातात घेऊन उलटीसुलटी बघायचा आणि खूश व्हायचा.

इंदू मात्र एकदा चुलीपुढून म्हणाली, "बाई, पोरगी आताशी काईच इचारत नाई वो."

"शहाणी झाली," मी म्हणाले.

सप्टेंबरात अमरावतीला शिक्षिकांचं चार दिवसांचं शिबिर होतं. विषय काय, तर 'बालकांची जिज्ञासा'. मी भागीचं उदाहरण दिलं. नदी, पायऱ्या, रकाने, सगळं. टाळ्या पडल्या. एका बाईंनी रकाने उतरवून घेतले. मी अगदी तरंगत बडनेऱ्याला आले, गाडी पकडली आणि दुपारी अकोल्याला उतरले.

पुलावर आले तर ही गर्दी. मोर्णा दोन्ही काठ भरून लाल वाहत होती. मी कठड्याशी जाऊन आमच्या पायऱ्या शोधल्या. एकही दिसत नव्हती. वरच्या कडुलिंबाच्या बुंध्याला पाणी लागलं होतं. बाजूचा टांगेवाला म्हणाला, पहाटेपासून असंच आहे. माझ्या मनात पहिला विचार कोणता आला असेल? आज वहीत काय सुरेख नोंद सापडेल!

घरी येऊन पिशवीही न ठेवता मी वही उघडली. आजची तारीख. वेळ साडेपाच, आणि घड्याळात अजून साडेतीनच वाजले होते. 'कोरड्या पायऱ्या: सात. शेरा: पाणी संथ.' मी पान उलटलं. उद्याची तारीख: 'आठ. पाणी स्वच्छ.' परवाची: 'आठ.' थेट रविवारपर्यंत नदी भरून ठेवली होती पोरीनं, स्वच्छ अक्षरात, आणि खाली माझ्या सहीला जागा सोडली होती.

माझं डोकं फिरलं. "भागी!" असं ओरडले की शेजारच्या तानुबाई दाराशी आल्या.

भागी आली आणि सवयीनं भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"हे काय व? काहून लिवलं खोटं? नदीवर गेली होती काय तू?"

"नाई."

"कदीपासून नाई?"

"नवी वही आनली तवापासून."

"मंग म्या रोज सह्या केल्या त्या कशावर?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. भ्यालेली नव्हती. तिला खरंच प्रश्न पडला होता की एवढं साधं मला कसं कळत नाही.

"आत्या, तुमी कुठी नदी पायता? तुमी तं वही पायता. मंग म्या वही भरली."

देवमन रात्रपाळी करून आला होता, तो खाटेवर उठून बसला होता. मला वाटलं हा आता तिला मारतो. मला थोडंसं तसं हवंही होतं, म्हणजे मला मधे पडता आलं असतं आणि मी शहाणी ठरले असते. पण तो माझ्याकडे बघत होता. लहानपणी मी वर्गाच्या दारात पोत्यावर बसायची तेव्हा कीव येऊन बघायचा तसा. मी शरमेनं काळीठिक्कर पडले. औटकीवरून मी या माणसाला दोन वर्षं बोलत आले होते. त्यानं पोरीचं निदान उभं राहणंच नासवलं होतं. तिची नदी मी नासवली होती.

मी बाहेर पडले. नदी उतरायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर एकटीच पायऱ्यांवर गेले. मोजायला लागले तर मोजता येईना. वरच्या दोन पायऱ्या अर्ध्या खचलेल्या, एक मधेच रुंद, तिला एक म्हणायचं की दोन? तीनदा मोजलं. तीनदा वेगळा आकडा आला. वैतागून घरी परतले.

भागी अंगणात बसली होती.

"तू पयली पायरी कोनती धरते व?" मी विचारलं.

ती सावध झाली. "काहून? वहीत लिवाचं हाय?"

"नाई. मले मोजता येऊन नाई राहिलं."

"खरंच नाई येत?"

"खरंच नाई."

तिनं हात झटकले. मग उठली. "रुंद पायरी मोजाचीच नाई," ती म्हणाली, "ते म्हशीची हाय," आणि माझ्यापुढे चालायला लागली.

पायऱ्यांवर पोचल्यावर तिनं मोजल्या. सहा. माझ्या पदरात पेन्सिल होती, मी हात तिथं नेला नाही. ती पाण्याकडे बघतच म्हणाली, "त्या दिवशी पाऊस नव्हता, तरी तीन बुडाल्या होत्या."

उत्तर माझ्या जिभेवर होतं. उगम, उतार, पाणलोट, अख्खा धडा. मी तो गिळला. माझ्यासारखीला ते किती जड गेलं, हे दुसऱ्या मास्तरणीलाच कळेल.

"ही नदी पातूरकडून येते म्हनतात," एवढंच म्हणाले. "आपल्या घरी पातूरचं कोन येते?"

रविवारी जानरावांच्या वहाणा वाजल्या आणि भागी मोरीत गेली नाही. ते पाणी प्यायले, त्यांनी मिशा पुसल्या, तोंड उघडलं.

"मामा," ती आधी बोलली. "श्रावनात, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, तुमच्याइकडे पानी पडलं होतं काय?"

जानराव चपापले. "पडलं असन. आठवत नाई बाप्पा."

"नीट आठवून सांगा."

देवमन मोठ्यानं हसला. इतक्या वर्षांत पाहुण्यासमोर तो असा हसल्याचं मला आठवत नाही. जानराव बिचारे डोकं खाजवत बसले, बोटं मोजली, कोणत्या दिवशी निंदण थांबलं ते आठवलं आणि शेवटी म्हणाले, "हो हो! दुपारच्याले लय पडलं. बैलं सोडून पयलो होतो आमी."

"किती वाजता?"

"माह्यापाशी घड्याय नाई व माय," जानराव रडकुंडीला आले. पण पुढच्या रविवारी दारात पाऊल टाकायच्या आधीच अंगणातून हाक आली, "भागी व, बुधवारी पडलं! दिवस उलीसक कलला तवा!"

भागी आत धावली आणि ट्रंकेखालून वही काढून आणली. माझी रकान्यांची नव्हे, जुनी, सुतळीची. ती तिनं उलटी धरली होती. मागच्या बाजूनं, शेवटच्या कोऱ्या पानापासून तिनं पुन्हा लिहायला सुरुवात केली होती, माझ्या लाल 'सहा'पासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब जाऊन. जानरावांच्या शेजारी बसून तिनं बुधवारचं लिहून घेतलं आणि वही परत ट्रंकेखाली ठेवली.

त्यात काय आहे मला माहीत नाही. म्हैस असेल. खोली झाडताना हात शिवशिवतात, पण मी ट्रंक हलवत नाही. त्या जागेची धूळ इंदूला काढायला सांगते.