पेडलखालची पिन

भंगारवाल्याच्या आवारात लोखंडाचा हा एवढा ढीग, आणि त्यात शोधायची काय, तर टाचणीपेक्षा जरा जाड, बोटाच्या पेरापेक्षा जरा लांब अशी एक गंजकी पिन. असलं काम डोकं फिरलेला माणूसच करणार. धाकट्याचं फिरलेलंच होतं. सकाळपासून तो गुडघ्यांवर बसून हाताने लोखंड उपसत होता, आणि भंगारवाला खुर्चीत बसून त्याच्याकडे बघत होता.

"मिस्त्री, सोन्याची होती की काय ती?"

"सोन्याची असती तर दुसरी आणली असती."

"अहो, तुमचा डबा आला आणि दुसऱ्याच दिवशी माल भट्टीला गेला. वितळली असेल कधीच. उठा, चहा घ्या माझ्याबरोबर."

धाकटा उठला नाही. उठलं की घरी जावं लागणार होतं, आणि घरी बाबा तोच प्रश्न विचारणार होते.

आता धाकटा म्हणजे काही पोर नव्हे. केस पिकले, चष्मा लागला, पण घरात धाकटा तो धाकटाच. जुन्या दुर्मिळ गाड्या पुन्हा उभ्या करायचं त्याचं गॅरेज होतं. गॅरेज मुळात बाबांचं, आणि कामाच्या रीतीही बाबांच्याच. त्यातली पहिली रीत अशी, की सांध्यातला खिळा निसटू नये म्हणून त्यात ओवून वाकवलेली स्प्लिट पिन एकदा काढली की पुन्हा लावायची नाही. "एकदा वाकली की ती मेली," बाबा म्हणायचे. "काढलीस की लगेच टाक. डोळ्यांसमोर राहिली तर कधीतरी घाईत वापरशील, आणि एखाद्याचा जीव जाईल." त्यामुळे पिन काढली की डब्यात, डबा भरला की भंगारात. धाकट्याचे हात हे न बघता करायचे. पान खाणारा पिचकारी टाकताना विचार करतो का? तसंच ते.

उन्हाळा सरता सरता एका हौशी मालकाने ट्रकवर घालून एक गाडी आणली. दोन सीटची, लांब नाकाची, शर्यतीची. त्या जातीच्या गाड्या कंपनीने मुळातच हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या केलेल्या. हिच्यात कुणीतरी कोंबड्या पाळल्या होत्या. रंग हिरवा, नाक दुसऱ्याच कुठल्या गाडीचं, इंजिन गायब. तरी धाकट्याच्या मनात पाल चुकचुकली होती, नाही असं नाही. पण घरात सगळे धरून चालले होते की थोरल्या भावाची, दादाची, तसलीच गाडी फार वर्षांपूर्वीच मोडीत निघाली, आणि दादाची पांढरी होती. त्याने पाल झटकली आणि नेहमीप्रमाणे गाडी सुटी करायला घेतली. खालचं सगळं निघालं. चाकं, दांडे, पेडल. पिना डब्यात गेल्या आणि डबा भंगारात.

मग एका दुपारी ड्रायव्हरच्या बाजूचा कुजका गालिचा ओढला, आणि खालच्या पत्र्यात त्याला दोन जास्तीची भोकं दिसली. त्यातलं एक वाकडं होतं.

धाकट्याने त्या वाकड्या भोकात बोट घातलं. दादा होता ताडमाड उंच. गुडघे स्टिअरिंगला लागायचे, म्हणून सीट मागे सरकवायला बाबांनी ही भोकं पाडली होती, आणि दुसऱ्याच्या वेळी ड्रिल घसरलं होतं. केवढं चिडवलं होतं दादाने! "बाबा, तुमच्या हातून वाकडं भोक? आता सूर्य पश्चिमेला उगवणार!" शाळकरी धाकटा तेव्हा बॅटरी धरून शेजारी उभा होता. त्याच गाडीत, त्याच सीटवर, घाटातल्या शर्यतीत दादा गेला. वळणावर गाडी वळलीच नाही. कठडा फोडून सरळ खाली.

रस्त्यावर टायर घासल्याची खूण नव्हती. म्हणजे ब्रेक लागलेच नव्हते. शर्यतीच्या क्लबचे लोक घरी आले, तेव्हा कुणी काही विचारायच्या आधीच बाबा म्हणाले, "पेडलखालच्या सांध्याची पिन माझ्याकडून लावायची राहिली असेल." बस्स. त्या एका वाक्याने बाबा आयुष्यातून उठले. शर्यतवाल्यांनी गॅरेजकडे पाठ फिरवली. आईने अबोला धरला तो मरेपर्यंत. ताट वाढायची, औषध द्यायची, पण शब्द नाही. आणि धाकट्याला एकच गोष्ट कधी पटली नाही. बाबा आणि पिन विसरतील? अहो, जो माणूस सायकल दुरुस्त केली तरी रात्री उठून पुन्हा बघून यायचा, तो पोटच्या पोराच्या गाडीची पिन विसरेल?

म्हणून तर भोकं दिसल्यावर तो वेड्यासारखा जिना चढून वर गेला, बाबांच्या खाटेशी. बाबांची दृष्टी गेली होती, छातीही साथ देत नव्हती, डॉक्टरांनी हात टेकले होते. "बाबा, दादाची गाडी सापडली!" काय मूर्खपणा केला त्याने! बाबांनी तोंड त्याच्या आवाजाकडे वळवलं. मग विचारलं, "पिन होती का?"

आणि तेव्हा धाकट्याला डबा आठवला.

त्या दिवसापासून बाबांनी अन्न सोडलं, दोन घोट दुधावर राहिले. कुणी चमचा तोंडाशी नेला की मान फिरवायचे आणि विचारायचे, "पिन होती का?"

धाकट्याने जिवाचं रान केलं. गाडी कुणाकुणाच्या हातातून गेली, ते मागे मागे शोधत गेला. कोंबड्या पाळणाऱ्या बाई म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी हौसेने घेतली आणि शेडमध्ये टाकली. चाक म्हणून फिरवलं नाही." त्यांच्याआधीच्या दलालाचा मुलगा म्हणाला, "आम्ही नाक बसवलं, रंग मारला. खाली कोण वाकतंय?" सगळ्यात शेवटी सापडले क्रेनवाले काका, ज्यांनी गाडी दरीतून वर ओढली होती. नातवाला मांडीवर घेऊन ओट्यावर बसले होते.

"काका, पेडलखालच्या सांध्यातला खिळा जागेवर होता का हो? मी गाडी उघडली तेव्हा होता."

"असेल की! गाडी ओढायची तर ब्रेक लागतात. खिळा पडलेला असला तर आम्हीच ठोकून बसवलेला असणार. नाहीतर आधीपासूनच असेल. आता काय आठवणार, बाळा?"

"आणि पिन? तुम्ही पिन लावली होती?"

काका खो खो हसले. "पिन? आम्ही आणि पिन? मेलेल्या गाडीला कोण पिना लावत बसतंय!"

म्हणजे पिन असेलच, तर ती बाबांचीच असणार होती. खिळा कुणीही बसवला असेल, पण पिन फक्त बाबांची. आणि ती त्याने स्वतः, बाबांनीच लावलेल्या सवयीने, कुठे टाकली होती? डब्यात! धाकट्याने खूप आठवून पाहिलं. सांधा सोडवला होता, खिळा निघाला होता. पण पिन? हातांनी केलेलं डोक्याला ठाऊकच नव्हतं.

भंगारवाल्याकडून तो रिकाम्या हाताने परतला आणि मग त्याने जे केलं, ते करताना त्याची त्यालाच लाज वाटत होती. त्याने नवी पिन घेतली. बाबांच्या पद्धतीने तिचा एक पाय खिळ्याच्या डोक्यावर वळवला, दुसरा आखूड कापून खाली दुमडला. मग ती मिठाच्या पाण्यात ठेवली, चांगली गंजू दिली, आणि वर घेऊन गेला.

"सापडली, बाबा. होती पिन."

बाबांनी ती बोटांच्या चिमटीत धरली आणि फिरवली. या टोकाला, त्या टोकाला.

"ही तू वाकवलीस," बाबा म्हणाले. "तुझा हात पहिल्यापासून जड." आणि मग चेहऱ्यावर कसलीशी आशा आल्यासारखे ते उशीवरून किंचित उठले. "म्हणजे नव्हती. नव्हती ना? म्हणून ही केलीस."

"होती, बाबा! शपथेवर सांगतो. मीच सवयीने टाकली. तुम्ही विसरणं शक्यच नाही, सगळं जग खोटं बोललं तुमच्याबद्दल..." त्याचा आवाज फाटला. बाबांचा हात घट्ट धरून तो लहान पोरासारखा रडायला लागला.

त्या धरलेल्या हातावरून बाबांचं बोट फिरत फिरत त्याच्या अंगठ्यापाशी आलं आणि थांबलं. अंगठ्याच्या पोटावर एक आडवी जखम होती. नुकतीच भरत आलेली.

"हे कसलं?"

"लागलं असेल काहीतरी. रोजचंच आहे."

"आठव."

धाकट्याने आठवलं. गाडीखाली आडवा पडलेला. अंगठा वर घातलेला. कळ आली, शिवी हासडली, अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळली आणि काम पुढे चालू. कुठला सांधा होता तो? गिअरबॉक्स आणि पत्रा यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीतला. जिथे खालून अंगठा घातल्याशिवाय पक्कड लागतच नाही.

पेडलखालचा.

बाबांनी कापून खाली दुमडलेला पिनेचा पाय धारदार असायचा. गॅरेजमध्ये शिकलेल्या एकूण एक माणसाने त्यावर अंगठा कापून घेतलेला होता. दुसऱ्या कुणाची पिन तिथे कापूच शकली नसती.

"बाबा! होती!" धाकटा ओरडलाच. "हे बघा, हीच ती खूण! तुमचीच पिन होती, बाबा, तुमची काही चूक नव्हती!"

बाबा उशीवर मागे टेकले. धाकट्याला वाटलं, आता हसतील. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं म्हणतील. पण बाबांचा चेहरा बघता बघता राखेसारखा झाला.

"मग त्याने ब्रेक दाबलाच नाही," ते म्हणाले.

त्यांचा हात उशीखाली गेला. तिथे दादाचं घड्याळ असायचं. शर्यतीच्या सकाळी दादाने ते मनगटावरून काढून बाबांच्या हातात दिलं होतं. "सांभाळा." एवढंच म्हणाला होता. जमलेलं लग्न त्याच महिन्यात मोडलं होतं, पण दादा हसत होता, सगळ्यांशी नीट बोलत होता, आणि कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. बाबांच्या आलं असावं. तेव्हा नाही, तर त्या खुणा नसलेल्या रस्त्यावर.

धाकट्याला एकदम सगळं उलगडलं. आपण काय करून बसलो! बाबा 'पिन होती का' विचारत होते, ते 'नव्हती' हे ऐकायला. पिन नसेल तर पोरगा बापाच्या चुकीने गेला. पिन असेल तर तो आपल्या मनाने गेला, सगळ्यांना सोडून, आईला सोडून. आईने अबोला धरला तोही बाबांनी याचसाठी सोसला, की तिला हे दुसरं कधी कळू नये. आणि धाकट्याने, बापाला सोडवायला निघालेल्या शहाण्याने, त्यांच्या हातून तेवढंही काढून घेतलं होतं.

बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. खांदे हलत होते, पण आवाज नव्हता.

"बाबा," धाकटा म्हणाला. "थांबा, माझा गोंधळ झाला. हा अंगठा मागच्या चाकापाशी कापला. हँडब्रेकच्या सांध्याला. तिथेही तुमचीच पिन होती. आत्ता नीट आठवलं."

बाबा हलले नाहीत.

"आणि पेडलखाली?"

"पेडलखाली नव्हती."

"नक्की?"

"नुसता खिळा होता. क्रेनवाल्यांनी ठोकलेला. तुमच्याकडून राहिली, बाबा." हे वाक्य बोलताना आपलं काळीज आता फुटणार असं त्याला वाटलं. "तुमचीच चूक झाली."

मग बाबांनी कूस बदलली आणि तोंड उघडलं. धाकट्याने घाईघाईने वाटी उचलली आणि चमचा धरला. बाबांनी एक घास घेतला. मग दुसरा. तिसरा पुरे म्हणून हाताने खुणावलं, आणि त्याच हाताने धाकट्याचा अंगठा धरून जखमेवर हलकेच दाबलं.

"त्या फटीत हात घालताना पक्कड आधी आत घालायची, अंगठा नंतर," ते म्हणाले. "किती वेळा सांगितलं तुला."

हँडब्रेकच्या सांध्याला कसलीच फट नसते, हे दोघांनाही माहीत होतं.

गाडी तयार व्हायच्या आत बाबा गेले. ती पुन्हा पांढरी झाली, नाक नवं घडवून बसलं, पेडलखाली नवी पिन लागली. मालक खूश होऊन गाडीभोवती फिरत होते. गाडी प्रदर्शनात ठेवायची, शेजारी तिची हकीकत सांगणारी पाटी लावायची, असं त्यांच्या डोक्यात होतं.

"मिस्त्री, अपघाताबद्दल काय लिहू? लोक विचारणारच. तुम्ही तर सगळं उघडून बघितलंय."

धाकट्याने अंगठा मुठीत धरला. जखमेची आता नुसती पांढरी रेघ उरली होती.

"लिहा, ब्रेकची पिन लावायची राहिली होती. चूक मेकॅनिकची. चालवणाऱ्याची काही चूक नव्हती."

"मेकॅनिकचं नाव माहीत आहे?"

"माहीत आहे," धाकटा म्हणाला, आणि त्याने बाबांचं पूर्ण नाव सांगितलं. मालकांना ते नीट लिहिता यावं, म्हणून सावकाश, पुन्हा एकदा सांगितलं.