बटणांच्या गोणीची पीडा

जेवणाची सुट्टी झाली की कपड्यांच्या त्या पाच मजली कारखान्यात एरवी डबे उघडायची घाई असते. त्या दिवशी मात्र सगळे डबे बगलेत मारून चौथ्या मजल्यावर, माल नेण्याच्या लिफ्टपुढे रांगेत उभे होते. शिलाईवाल्या, इस्त्रीवाले, काजे करणाऱ्या, एक हिशेबनीससुद्धा. लिफ्ट भरून खाली जाई आणि थोड्या वेळाने तीच माणसं जिन्याने धापा टाकत वर येत. खाली सोडलेली पीडा लिफ्टमध्ये बसून परत येऊ नये, म्हणून जिना! "सहा किलो गेली माझी," एक बाई घाम पुसत सांगत होती, "कसं हलकं हलकं वाटतंय." चार मजले चढून जिला हलकं वाटतं तिच्यापुढे काय बोलणार?

हा प्रताप काटेमहाराजांचा. पांढरे कपडे, काळा गॉगल आणि घसा बसलेला असूनही न थांबणारं तोंड. लिफ्टच्या मधोमध त्यांनी कारखान्याचाच तबकडीचा वजनकाटा मांडला होता, कापडाचे गठ्ठे तोलायचा, आत स्प्रिंग असलेला. रोग्याने त्यावर उभं राहायचं, बाकीच्यांनी साक्षीदार म्हणून भोवती दाटी करायची.

"रोगाला वजन असतं, बाळांनो!" महाराज सांगत होते. "नसतं, तर आजारी माणूस वाकून का चालला असता? आणि पृथ्वी काय करते? ओढते! गुरुत्वाकर्षण! मी फक्त तिच्या कानात सांगतो, माते, माणूस सोड, रोग ओढ."

माझ्याच विषयाचा शब्द त्या तोंडून ऐकून माझं टाळकं सरकलं. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. नववीच्या वर्गाला गुरुत्वाकर्षण समजावताना माझ्या नाकी नऊ येतात, आणि हा गृहस्थ पृथ्वीच्या कानाशी लागला होता.

पण मी तिथे गंमत बघायला गेले नव्हते. आदल्या दिवशी वहिनीचा फोन आला होता. "वन्सं, यांनी इन्सुलिन बंद केलंय हो. महाराज म्हणतात, सुई टोचली की पीडा आत अडकते. मी बोलले तर माझ्यावरच ओरडतात. तुम्ही तरी या." माझा दादा त्या कारखान्यात कटिंग मास्तर. मधुमेह जुना, इंजेक्शनवाचून भागत नाही इतका. चौथ्या मजल्यावर त्याला पाहिलं आणि मला धस्स झालं. गालफडं बसलेली, पँट पट्ट्याने कशीबशी थोपवलेली, हातात पाण्याची बाटली आणि ती सारखी तोंडाला.

"दादा, हे काय चालवलंयस?"

"तुझं व्याख्यान नको," तो म्हणाला. "अगं, कापड मोजताना माणूस चुकेल, मालक चुकेल, पण काटा खोटं बोलत नाही. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी."

कारखान्यात सगळेच असं म्हणत. गठ्ठ्यांच्या वजनावरून रोज भांडणं व्हायची आणि रोज तो काटाच ती मिटवायचा. म्हणून त्याच्यावर सगळ्यांचा देवापेक्षा जास्त भरवसा. फक्त एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. गठ्ठे तोलताना काटा जमिनीवर असायचा, आणि जमीन कुठे जात नसते.

मी दादाबरोबर लिफ्टमध्ये शिरले. लिफ्टवाला होता महाराजांचा सख्खा मेहुणा. एक शिंपी काट्यावर चढला, काटा साठावर थांबला. महाराजांनी डोळे मिटून "सोड!" अशी आरोळी ठोकली, मेहुण्याने दांडा ओढला, लिफ्ट धक्का देऊन खाली निघाली. माझ्या पोटात खड्डा पडला आणि काटा सर्रकन चोपन्नावर आला.

"गेली!" सगळे ओरडले. त्याच क्षणी महाराजांनी तबकडीवर काळं फडकं टाकलं. "बघू नका! उतरणारी पीडा बघणाऱ्याला चिकटते." लिफ्ट तळाला टेकून थांबेपर्यंत ते फडकं हललं नाही, आणि थांबताच शिंप्याला काट्यावरून खाली ओढण्यात आलं. एवढं बघितल्यावर मला बाकी काही बघायची गरज उरली नाही.

वर आल्यावर मी काजे-बटणवाल्या काकूंकडे बटणांची भरलेली गोणी मागितली. दोन इस्त्रीवाल्यांनी ती काट्यावर ठेवली. पन्नास किलो.

"हे काय?" महाराज गरजले.

"रोगी आहे," मी म्हटलं. "पीडा उतरवा हिची."

"चेष्टा करणाऱ्याची पीडा दुप्पट होते!"

"मग काटाच सांगेल की. चालवा लिफ्ट."

मेहुणा दांड्याला हात लावेना. तेव्हा काकूच कडाडल्या, "चालव रे! माझ्या बटणांनाही जरा बरं वाटू दे." लिफ्टमध्ये हशा पिकला. लिफ्ट निघाली, आणि कुणीही आरोळी ठोकली नसताना काटा पंचेचाळिसावर आला. फडकं मी आधीच ताब्यात घेतलं होतं.

"गोणीला काय झालं होतं? संधिवात?" इस्त्रीवाल्याने विचारलं.

"वस्तूंतही दोष असतो," महाराज घाईने म्हणाले. "शिंपल्याचं बटण म्हणजे समुद्रातल्या जिवाचा..."

"प्लास्टिकची आहेत," काकू म्हणाल्या.

तोवर काटा पन्नासावर परत आला होता. लिफ्ट तळाशी थांबताना तो पंचावन्नावर चढला आणि मग मुकाट पन्नासावर बसला. महाराजांनी एकाएकी मौन धरलं आणि मौनातच फाटकाकडे निघाले. मेहुणा मागोमाग.

मग मी समजावलं, जसं वर्गात समजावते तसं. काटा रोग मोजत नाही. आपण त्याला किती दाबतो, तेवढंच तो सांगतो. लिफ्ट खाली निघताना पायाखालची फळी आपल्या आधी निसटू लागते, म्हणून दाब कमी होतो. तोच तो पोटातला खड्डा. वेग एकसारखा झाला की दाब पहिल्यासारखा. थांबताना फळीला खाली येणारा आपला भार अडवावा लागतो, म्हणून दाब वाढतो. दोन पारड्यांचा तराजू असता, तर माणूस आणि वजनं दोन्ही सारखीच हलकी झाली असती आणि महाराजांची दुकानदारी पहिल्याच दिवशी बसली असती. काटा खोटं बोलला नव्हता. सुटणाऱ्या लिफ्टमध्ये जे खरं होतं, तेच तो सांगत होता.

लोक माना डोलवत होते. दादा मात्र ताठ उभा होता.

"ठीक आहे, लिफ्टचं राहू दे," तो म्हणाला. "पण मी घरच्या काट्यावर, जमिनीवर उभा राहून वजन करतो. तेही उतरलंय. पट्ट्याला नवी भोकं पाडलीत मी. हे कुठल्या लिफ्टनं केलं, सांग!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला खरंच भीती वाटली, कारण उत्तर मला माहीत होतं.

"दादा, तुझं वजन खरंच घटलंय. इन्सुलिन नाही म्हणून रक्तातली साखर शरीराला वापरता येत नाही. ती लघवीवाटे वाहून जातेय, म्हणून तहान भागत नाही. आणि पोट भरायला शरीर स्वतःचंच मांस जाळतंय. पीडा नाही उतरत आहे रे, तू उतरतोयस."

दादाने बाटलीला झाकण लावलं आणि ती माझ्या हातात दिली. इस्त्रीवाल्याने रिक्षा आणली. इस्पितळात डॉक्टरांनी रक्त तपासलं, सलाईन लावलं आणि मला बाहेर बोलावून झापलं, "इतके दिवस काय करत होता तुम्ही?" संध्याकाळी दादाला जरा तरतरी आली. छताकडे बघत तो म्हणाला, "चाळीस वर्षं मोजमापावर जगलो गं मी. आणि मोजताना फडकं का टाकतोस, एवढंसुद्धा विचारलं नाही त्याला."

शाळेत मी आता हा धडा असाच शिकवते. चमत्कार दाखवणाऱ्याशी भांडू नका, मुलांनो. त्याला शांतपणे सांगा, लिफ्ट थांबवून दाखव, फडकं काढून दाखव, माणसाऐवजी गोणी ठेवून दाखव. तो चिडला तर त्याला चिडू द्या. पण तुमच्या घरात कुणी त्याचं ऐकून औषध बंद केलं असेल, तर वादात एक दिवसही घालवू नका. आधी त्या माणसाला डॉक्टरकडे न्या.