आईच्या टोपाची हाक

मी ब्रिगिदाचा टोप बोलतोय. ब्रिगिदा आता नाही, पण टेकडीवर मला अजून तिच्याच नावाने ओळखतात, आणि मला ते बरं वाटतं.

मी अॅल्युमिनियमचा. दोन कानांचा, खोल पोटाचा. इतका मोठा की माझ्यात एक तान्हं मूल बसून आंघोळ करू शकतं. ब्रिगिदाच्या दोन्ही मुलींनी ती केली आहे. ग्वारेनास शहरातल्या बाजारात मी उन्हात बसलो होतो, तेव्हा ब्रिगिदाने बोटाच्या पेराने माझ्या बुडावर टकटक केलं आणि कान लावून ऐकलं.

"बाई, यात शिजवायचंय की वाजवायचंय?" दुकानदार हसला.

"दोन्ही," ती म्हणाली.

टेकडीवरचं तिचं घर पायऱ्यांच्या अगदी वर होतं. मुली खाली खेळायला जायच्या. बाकीच्या आया नावं घेऊन ओरडायच्या. ब्रिगिदाचा गळा सूतगिरणीत धूळ खाऊन बसलेला, तिला ओरडता यायचं नाही. संध्याकाळी ती मला दारात उपडा घालायची आणि पळीने वाजवायची. दोन ठोके सावकाश, एक जोरात. की थोरली नेलिडा धाकट्या युलिमारला हाताला धरून फरफटत वर आणायची. जेवायला चला, एवढाच त्याचा अर्थ. माझा आवाज बाकी कुणाच्या भांड्यासारखा नव्हता. तो पोरींना झोपेतसुद्धा ओळखू आला असता.

आणि डिसेंबर. डिसेंबर आला की मी खरा टोप व्हायचो. आमच्याकडे नाताळला आयाका करतात. मक्याचं पीठ केळीच्या पानावर थापायचं, आत मटण, मनुका, ऑलिव्ह भरायचे, पानाची पुडी करून सुतळीने बांधायची आणि माझ्यात उकळायची. हे एकटीचं काम नाही. नेलिडा पीठ इतकं पातळ थापायची की खालचं पान दिसावं. युलिमार बांधायची. तिची गाठ कधी सुटली नाही, पुडीत कधी पाणी शिरलं नाही. ब्रिगिदा स्टुलावर बसून दोघींच्या चुका काढायची. माझ्या पोटात उकळी आणि बाहेर तिघींची बडबड. तेवढं सुख मला पुरत होतं.

जाताना ब्रिगिदाने सांगितलं, "घर नेलीचं. टोप दोघींचा."

युलिमार लग्न होऊन टेकडीसमोरच्या बिल्डिंगमध्ये, चौथ्या मजल्यावर राहायला गेली होती. तिच्याकडे मोठी शेगडी होती, म्हणून मी तिथे राहिलो. खिडकीतून नेलिडाचं दार दिसायचं. युलिमारला मुलगी झाली, अनाइस. नेलिडा तिची धर्ममाता झाली. अनाइस बोलायला लागली तेव्हा तिला पहिलं शिकवलं ते हेच, मोठं माणूस भेटलं की म्हणायचं, "आशीर्वाद द्या." समोरच्याने म्हणायचं, "देव तुझं भलं करो." त्याशिवाय आमच्याकडे बोलणं सुरूच होत नाही.

मग राष्ट्राध्यक्षावरून देशाचे दोन भाग झाले, आणि आमच्या घराचेही.

युलिमारचा नवरा विल्फ्रेदो तेल कंपनीत होता. मोठा संप झाला, हजारो लोकांना काढलं, त्यात तोही गेला. इथे कुणी कामावर घेईना, म्हणून तो मेक्सिकोला गेला. युलिमार एकटी, पदरात पोर. रात्री उठून उठून अनाइसच्या कपाळाला हात लावून बघायची. ताप नसला तरी बघायची.

त्यानंतर राष्ट्राध्यक्षाला मुदतीआधीच घरी पाठवायचं का, यावर साऱ्या देशाचं मत घ्यावं म्हणून लोकांनी सह्या गोळा केल्या. युलिमारनेही सही केली. नेलिडाला ते टेकडीवर कुणाकडून तरी कळलं. ती पायऱ्या उतरून तडक आली.

"मला विचारायचंस तरी."

"तुला विचारून सही करू? माझा नवरा घरी नाहीये, नेली. हा माणूस गेला तर तो परत येईल."

"आणि हा गेला तर त्याने टेकडीवर पाठवलेला डॉक्टर जाईल. त्याआधी जन्मात कधी डॉक्टर इथे चढला होता? आईला आपण खुर्चीत बसवून खाली नेलं होतं, आठवतंय? पोचेपर्यंत संपली ती."

"आईला मध्ये आणू नकोस."

"मी नाही आणत. ती आहेच मध्ये."

त्या डिसेंबरला नेलिडा आली नाही. युलिमारने सुतळीचा गुंडा आणून माझ्यात टाकला, वर झाकण ठेवलं आणि नंतर ते उघडलंच नाही. पहिल्यांदाच मी नाताळात थंड राहिलो.

माझं झाकण उघडलं ते भलत्याच कामासाठी. रात्री आठ वाजले की बिल्डिंगमधल्या बायका खिडकीत उभ्या राहून भांडी वाजवायच्या. आमच्याकडे राग दाखवायची ही रीत आहे. टेकडीवरचे लोक त्याला उत्तर म्हणून गाणी मोठ्याने लावायचे. युलिमार आधी छोट्या तव्यावर वाजवायची. शेजारीण दोन्या इल्डा, म्हणजे इल्डाबाई, म्हणाली, "अगं, एवढंसं काय टिंगटिंग करतेस? तुझा मोठा काढ की." युलिमारने मला काढलं.

तिने चूक केली ती एवढीच. रागाच्या भरात हात चालायचा, पण हाताला सवय लहानपणची. चार वेडेवाकडे ठोके झाले की मधेच तोच ताल यायचा. दोन सावकाश, एक जोरात. तिला ते कळतही नसावं. मला कळायचं. आणि समोर टेकडीवर, एवढ्या शेकडो भांड्यांच्या गलक्यात, नेलिडा दारात येऊन उभी राहायची. रोज आठ वाजता तिची आई तिला जेवायला बोलवायची आणि ती जाऊ शकत नव्हती.

माझं बूड चेपलं. शेगडीवर ठेवलं की मी डुलायला लागलो.

मतदानाची तारीख ठरली, ऑगस्टमधला रविवार. तसे लोक आणखी घाबरले. काय होईल, दुकानं उघडतील का, गोळीबार होईल का. युलिमारने माझ्यात पिठाची पाकिटं भरली, दुधाची पावडर, मेणबत्त्या, अनाइसचं तापाचं औषध, आणि सगळ्यात खाली तोच सुतळीचा गुंडा. विल्फ्रेदोचा फोन यायचा. "इकडे तिकिटाचं बघून ठेवलंय," तो म्हणायचा. "'हो' जिंकलं तर मी येतो. 'नाही' जिंकलं तर तुम्ही दोघी इकडे या." 'हो' म्हणजे राष्ट्राध्यक्ष जाणार, 'नाही' म्हणजे राहणार. फोन ठेवला की युलिमार खिडकीतून समोरचं दार बघत बसायची. तिला 'हो' हवं होतं ते नवऱ्यासाठी. आणि हे दार सोडून जावं लागू नये, म्हणूनही.

शनिवारी दुपारी दारावर थाप पडली. नेलिडा. पायऱ्या चढून धापा टाकत होती.

"टोप न्यायला आलेय," ती म्हणाली. "उद्या शाळेच्या कोपऱ्यावर सूप करायचंय. मतदानाच्या रांगा लांब लागणार."

"राष्ट्राध्यक्षाच्या लाल टोपीवाल्यांसाठी? आईच्या टोपात?"

"रांगेत उभ्या असणाऱ्यांसाठी. तू त्यात राग शिजवतेस, मी कोंबडी शिजवीन. आईला काय आवडलं असतं, तूच सांग."

नेलिडा पुढे आली, माझ्या बुडावरून हात फिरवला. खड्ड्यात बोटं थांबली.

"किती मारलंस गं याला."

"तुला ऐकू जायचं?"

"न जायला काय झालं? आईसारखंच वाजवतेस. कानात कापूस घालून बघितला मी."

युलिमार खाली बसली आणि माझ्यातलं एकेक सामान काढून फरशीवर ठेवायला लागली. पीठ, दूध, मेणबत्त्या, औषध. सुतळी तिने हातात घेतली आणि खिशात घातली. "ने," ती म्हणाली. "पण अनाइसला आधी वाढायचं. आणि मिरची घालू नकोस."

"मला शिकव आता."

रविवारी पहाट व्हायच्या आत टेकडीवर बिगूल वाजले, फटाके फुटले, सगळ्यांना उठवायला. उजाडलं तेव्हा शाळेची रांग बाजारापर्यंत गेली होती. अंगठा ओळखणारी यंत्रं आणली होती, ती अडत होती. ऊन चढलं. एकमेकांची तोंडं न बघणारे लोक एकमेकांच्या छत्रीखाली उभे राहिले. मी तीन विटांवर डुलत उकळत होतो.

"तुमच्या सुपात काही घातलं नाही ना, दोन्या नेलिडा?" कुणीतरी खवचटपणे विचारलं. "पिऊन मी 'नाही'वर बोट ठेवायचो."

"घातलंय की. मीठ. तुमच्याकडे महाग झालंय म्हणता ना?"

सगळी रांग हसली, दोन्ही बाजूंची.

दुपारी युलिमार कोपऱ्यापर्यंत पोचली. अनाइस उन्हाने लाल झाली होती, रडूही येत नव्हतं तिला. युलिमारचा हात सारखा तिच्या कपाळावर. नेलिडाने वाटी भरली. पोरीने तिच्याकडे पाहिलं. किती महिन्यांनी बघत होती, पण शिकवलेलं विसरली नव्हती.

"आशीर्वाद, मावशी."

नेलिडाच्या हातातली पळी माझ्यात सुटून पडली. "देव तुझं भलं करो," ती म्हणाली. "देव तुझं फार भलं करो, माझ्या राणी." मग बहिणीकडे न बघताच, "हिला माझ्याकडे दे आणि आत जा."

"तुला माहितीये मी कशावर बोट ठेवणार आहे."

"माहितीये. जा. पोर उन्हात करपतेय."

युलिमार बाहेर आली तेव्हा तिची करंगळी शाईने जांभळी झाली होती. नेलिडाची सकाळीच झाली होती. अनाइस माझ्या सावलीत मावशीच्या मांडीवर झोपली होती. दोघी तशाच बसल्या, जांभळ्या बोटांनी एकाच वाटीतून सूप पीत. "मिरची घातलीसच," युलिमार म्हणाली. एवढंच बोलणं झालं. माझ्यासाठी तो डिसेंबरच होता.

'नाही' जिंकलं.

टेकडीवर फटाके उडाले. नेलिडाच्या घरासमोर लोक नाचत होते, तिला ओढत होते. तिला हे हवं होतं, मनापासून हवं होतं. ती नाचायला गेलीही. पण मधेच दारात येऊन समोरच्या चौथ्या मजल्याकडे बघून गेली. तिथे दिवा जळत होता.

पाऊस सरता सरता युलिमार अनाइसला घेऊन विल्फ्रेदोकडे गेली. जायच्या आदल्या दिवशी टेकडीवर आली; सूप झाल्यापासून मी तिथेच होतो. मला उचलून बघितलं, जसं काही पेटीत मावेन. नेलिडा म्हणाली, "ठेव. घर माझं, टोप दोघींचा." युलिमारने खिशातून सुतळीचा गुंडा काढून माझ्यात टाकला. मग थोरल्या बहिणीपुढे, लहान मुलीसारखी मान खाली घालून म्हणाली, "आशीर्वाद दे, नेली." बहीण बहिणीला असं म्हणत नाही आमच्याकडे. आईच्या जागी असलेल्यांना म्हणतात.

नेलिडाने दिला.

परवा नेलिडाने एकटीने आयाका केल्या. पीठ छान पातळ थापलं. सुतळी बांधताना मात्र जमेना. एका हाताने पान धरायचं, दातात सुतळी. उकळायला घातल्यावर माझ्या पोटात गाठी सुटायला लागल्या, पुड्यांत पाणी शिरलं. ती बघत उभी राहिली. मग तिने मला विस्तवावरून उतरवलं, सगळं परातीत ओतलं, दारात नेऊन मला उपडं घातलं. अजून मी गरम होतो. संध्याकाळ होत होती.

दोन सावकाश, एक जोरात.

शेजारच्या घरातून हाक आली, "काय गं नेलिडा, निवडणूक जिंकून आता त्यांच्यात गेलीस?"

"नाही," ती म्हणाली. "जेवायला बोलवतेय."

समोर चौथ्या मजल्यावर आता दुसरे लोक राहतात. त्यांची खिडकी उघडली, कुणीतरी डोकावलं, बंद झाली.

युलिमार, मला चेपल्याचं मनावर घेऊ नकोस. डुलत का होईना, मी शिजवतो. ज्या देशात आहेस तिथे संध्याकाळी जरा खिडकी उघडी ठेव. माझा आवाज इतक्या लांब येणार नाही, मला कळतं. तरी ठेव. उरलेली सुतळी नेलिडाने वापरली नाही, परत माझ्यातच ठेवलीय.