वाऱ्याची भुयारं

आमच्या सड्यावर, ह्या उघड्या कातळमाळावर, मे महिन्याच्या दुपारी कुणी शहाणं माणूस फिरत नाही. जांभा दगड असा तापतो की चपलेतूनही चटका बसतो, आणि लांबचा समुद्र उठून जवळ येऊन बसल्यासारखा दिसतो. अशा उन्हात मी आणि रितेश नव्या कोऱ्या गोदामात थर्मामीटर धरून उभे होतो. बागांमधला आंबा, काजू, कोकम इथे उतरणार, निवडला जाणार आणि ट्रकांतून गावोगावी जाणार. कंपनीच्या भाषेत वितरण केंद्र. आमची वाडी त्याला गोदामच म्हणते.

आराखडा माझा होता. एसी नाही. पश्चिमेच्या कोकमांच्या सावलीत जांभ्यात खणलेली भुयारं. समुद्राचा वारा त्यांच्या तोंडातून शिरणार, जमिनीखालून येता येता निवणार, फरशीतल्या जाळ्यांतून वर येणार आणि तापलेली हवा छपरातून निघून जाणार. भुयारं पुरी झाली त्या दिवशी मी गोदामात एकटीच डोळे मिटून उभी होते. वाटलं, ही इमारत गाढ झोपलीय, श्वास घेतेय, आणि मी तिच्या छातीवर पाय देऊन उभी आहे. मी चपला काढल्या. हे कुणाला सांगितलं नाही. इंजिनियर बाई असलं काही बोलली की लोक घरी फोन करतात.

रितेश कंपनीचा माणूस. गोदाम ताब्यात घेण्याआधीची शेवटची चाचणी घ्यायला आलेला, त्यासाठी आंब्याचे क्रेट आणि हमालही आणवलेले. दुपार टळेपर्यंत आत गारवा टिकला तर ठीक, नाहीतर कंपनी थंड करायची मशिनं बसवणार. आणि मशीन म्हणजे बंद खोली आली. आंबा आत गारव्यात, हमाल बाहेर पत्र्याखाली.

खरं सांगते, आंब्याचं मला काडीचं पडलेलं नव्हतं. माझे बाबा, भिकू, मुंबईत जन्मभर पत्र्याच्या गोदामांत हमाली करत होते; आता गावी परतलेत. एकदा भोवळ येऊन पोत्यासकट पडले, तेव्हा मुकादमाने आधी पोतं उचललं. बाबांनी हे घरी हसत हसत सांगितलं होतं. मी शाळेत होते, मला हसू आलं नाही. हे गोदाम तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं.

"मॅडम, चढतंय," रितेश हळूच म्हणाला.

चढत कसलं होतं, शेळी बांधावर चढावी तसा आकडा टणाटण वर चालला होता. मी जाळीवर हात धरला. वारा नाही. दुसरीवर धरला. तिथेही नाही. बाहेर कोकमांची पानं तर नुसती नाचत होती! मी तशीच धावत सुटले.

भुयारांची सगळी तोंडं बंद. आतून ताडपत्री, वरून माडाची झापं, सुंभाने आवळून बांधलेली. आणि शेजारी सावलीत माझे तीर्थरूप शेवटचं झाप विणत निवांत बसलेले. पावसाळ्याआधी घराच्या पश्चिम अंगाला झापं बांधतात, तशी त्यांनी माझ्या गोदामाला बांधली होती.

डोक्यात तिडीक गेली. "बाबा! कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे?"

"सांगायला कशाला हवा? मिरग तोंडावर आला नि तू ही भोकां उघडी टाकलीस. पानी शिरल, माल भिजल. माल भिजला की हमालाच्या बोकांडी. म्हायत नाय तुला."

"अहो, वाऱ्याची वाट आहे ती! पावसाळ्यात लावायच्या झडपा आहेत तिला!"

"गोदामात वारा?" ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच उन्हाने भ्रमिष्ट झालेय. "कुनासाठी?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. मी सुंभाला दातच लावले. ते "थांब गो, थांब" म्हणत कोयता घेऊन उठले आणि स्वतःची आदल्या दिवसापासूनची मेहनत सपासप कापत गेले.

आम्ही आत आलो तेव्हा क्रेटांतून जाळीवर सांडलेला पेंढा हलत होता. मग उडायला लागला. कोकमाचा, ओल्या मातीचा वास घेऊन वारा वर आला, आंब्याच्या क्रेटांमधून फिरला, आणि ते प्रचंड दालन पुन्हा संथ श्वास घेऊ लागलं. चाचणीसाठी बोलावलेले हमाल एकेक करून फरशीवर आडवे झाले. आकडा उतरत गेला. दुपार टळता टळता रितेश म्हणाला, "राहू दे मशीन," आणि क्रेटला टेकला तो घोरायलाच लागला. मला रडू फुटलं. फुटू दिलं.

बाबा दारातच उभे होते. काम नसताना गोदामात शिरलं की शिव्या बसतात, ही त्यांची मुंबईची सवय. मी हाताला धरून त्यांना जाळीवर आणून उभं केलं. त्यांचा सदरा फुगला. टोपी काढून त्यांनी मान पुढे केली, वारा मानेवर घेतला, डोळे मिटले.

मग झोपलेल्या हमालांकडे बघत, कुणी ऐकू नये अशा आवाजात त्यांनी विचारलं, "तेजू, ह्या वाऱ्याचे पैसे त्येंच्या पगारातनं कापनार नायत ना गो?"