नाव निघालं त्याचा वाटा

कल्याणने काळजाचा शेवटचा तुकडा नवव्या ढिगावर ठेवला, सुरी पुसली आणि धर्मराजला पाठ करून बसायला सांगितलं.

वडीगोद्रीच्या त्या गल्लीत दर रविवारी नऊ-दहा घरं मिळून बोकड कापत आणि मेणकापडावर सारखे वाटे घालत. मग एकाने भिंतीकडे तोंड करायचं, दुसऱ्याने एकेका ढिगावर बोट ठेवून ‘हा कुणाचा?’ विचारायचं. न बघता जे नाव निघेल त्याचा तो वाटा. निघालेलं नाव फिरवायचं नाही, मग कुणाला हाडं येवोत की चरबी. भांडणाला जागाच नको.

आजवर भिंतीकडे तोंड करायचा तो धर्मराजचा बालपणीचा सोबती रामप्रसाद. आज ते काम धर्मराजकडे आलं, कारण त्याला वाटाच उरला नव्हता. साखर, रक्तदाब, त्यात मूत्रपिंडंही थकलेली. मटण बंद म्हणजे बंद, असं डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं होतं. बापाची जित्याची खोड ठाऊक असलेल्या लेकीने, शीतलने, जालन्याहून थेट कल्याणलाच फोन केला आणि बापाचं नाव वाट्यातून काढायला लावलं.

मटणाचं त्याला फारसं वाटलं नाही. चाळीस वर्षं खाल्लं, आता पुरे. पण बायको दुर्गाबाई गेल्यापासून घर मुकं झालं होतं आणि गल्लीत सगळे त्याला आबाच म्हणत. नावाने बोलावणारा एकटा रामप्रसाद, तोही शेतवस्तीवरून रविवारीच यायचा, वाटा घेऊन परत जायचा. त्याच्या तोंडून वाट्यावर ‘धर्मराज’ ऐकलं की आपण अजून गावात आहोत असं वाटे. ते ऐकणं गेल्याचं मात्र त्याला फार वाईट वाटलं.

“हा कुणाचा?” कल्याणने विचारलं.

धर्मराज भिंतीच्या पोपड्यांकडे बघत एकेक नाव घेत गेला. आदिनाथ, बबलू, केशव. आठ झाली.

“अन् हा?”

“धर्मराजचा.”

तो वळला तेव्हा सगळे रामप्रसादकडे बघत होते. त्याचंच नाव राहिलं होतं. धर्मराज ओशाळला. चूक झाली म्हणाला, वाटा रामप्रसादपुढे सरकवू लागला.

“नाव निघालं त्याचा वाटा,” रामप्रसाद म्हणाला. “फिरवायचं न्हाई.”

आणि रिकामी पिशवी झटकून तो निघून गेला.

धर्मराजने तो वाटा घरी आणला. दुर्गाबाई करायची तसा कांदा-खोबऱ्याचा मसाला भाजला, मीठ अंदाजाने टाकलं, चाखलं नाही. स्वतःसाठी दोडक्याची भाजी केली. मग शिजलेल्या मटणापुढे तो नुसताच बसला. वस्तीवर डबा पाठवावा तर काय निरोप द्यावा, हे त्याला सुचेना.

ऊन अंगणात आलं तेव्हा बाहेर चपला वाजल्या.

“धर्मराज, हाईस का? भाकरी घेऊन आलोय. माझा वाटा शिजला का न्हाई?”

दार उघडंच होतं. धर्मराज दोन ताटं घेऊन उभा राहिला, पण त्याने लगेच ओ दिली नाही.

“धर्मराज?”

मग तो म्हणाला, “ये.”