ओव्हर म्हणेपर्यंत

माझा शाळासोबती विश्वासराव याचं एक पाकीट माझ्या दुकानाच्या खणात वीस दिवस पडून होतं, आणि त्या वीस दिवसांत मला धड जेवण गेलं नाही. पाकीट त्याचं, नोकरी त्याची, बाप त्याचा. चैन पडत नव्हती ती मला. माझा स्वभावच असला. दुसऱ्याच्या स्टोव्हवरचं दूध उतू जाताना दिसलं तरी मी उठून धावतो.

छप्पन साल, ऑक्टोबरचा शेवट. एक नोव्हेंबरला मध्यभारत संपणार, नवा मध्य प्रदेश होणार आणि राजधानी भोपाळला जाणार, हे ठरून चुकलं होतं. ग्वाल्हेरच्या कचेऱ्यांतून कपाटं बाहेर निघत होती, फायलींच्या पेट्यांवर खिळे ठोकले जात होते. माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान नेमकं त्याच रस्त्यावर. दिवसभर ठाक ठाक. तारेला डाग देताना हात हलायचा. संस्थानची फौज मोडली तेव्हा वायरलेसच्या तुकडीतून मीही असाच मोकळा झालो होतो. त्यामुळे तो आवाज माझ्या ओळखीचा होता आणि मला तो मुळीच सहन होत नव्हता.

पाकिटात विश्वासरावाची नेमणूक होती. भोपाळला, नव्या सरकारच्या वाहतूक खात्यात निरीक्षक. एक तारखेला सकाळी हजर व्हायचं. घरी येणारं प्रत्येक पत्र त्याचे वडील तात्यासाहेब स्वतः फोडत, म्हणून त्यानं अर्जावर पत्ता माझ्या दुकानाचा दिला होता.

तात्यासाहेब म्हणजे संस्थानच्या रिसाल्यातले निवृत्त कर्नल. घोडे गेले, फौज गेली, जहागीर गेली. राहिलं ते दोघांना बसता येईल असं एक उघडं छोटं विमान, चांगल्या दिवसांत मुलासाठी घेतलेलं. शहराबाहेर फ्लाइंग क्लबच्या मैदानावर ते उभं असायचं. "जाऊ देत सगळे भोपाळला. आमचा विश्वास ग्वाल्हेरवरच उडेल," असं तात्यासाहेब येईल त्याला सांगत. आणि विश्वासराव बाजूला उभा राहून म्हणे, "जी."

हे 'जी' नीट समजून घ्यायला हवं. सरदारांच्या त्या घरात वडीलधारं माणूस बोलायला लागलं की ते जिथे जिथे श्वास घेईल तिथे ऐकणाऱ्यानं 'जी' म्हणायचं. गप्प राहणं म्हणजे उद्धटपणा. आम्ही पडलो दप्तरातली माणसं. आमच्याकडे बोलणाऱ्याला मध्येच तोडून त्याची चूक काढायची पद्धत. लहानपणी मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा तात्यासाहेबांची शिकारीची हकिकत तोंड मिटून ऐकत होतो, तर ते थांबून म्हणाले, "रमाकांत, ऐकताय की झोपलात?" विश्वासराव मात्र झोपेतही 'जी' म्हणत असावा.

"सांगितलंस?" मी रोज विचारायचो.

"आज सांगणारच होतो, यार. पण ते बोलत होते ना."

"मग?"

"मग काय, मी जी जी करत राहिलो. त्यांचं झालं आणि ते उठून गेले. मौकाच नाही मिळत."

"शालिनीवहिनी काय म्हणतात?"

"ती पण रोज हेच विचारते. तू तर नको डोकं खाऊ."

त्याला खांद्याला धरून गदागदा हलवावंसं मला वाटे. एकतीस वर्षांचा गडी, दोन मुलांचा बाप. हवेत इंजिन बंद पडलं तेव्हा शांतपणे हरभऱ्याच्या शेतात विमान उतरवून, मालकाकडे पाणी मागून प्यायलेला. आणि वडिलांपुढे एक वाक्य बोलायची त्याची छाती होत नव्हती.

अठ्ठावीस तारखेला तात्यासाहेब स्वतः माझ्या दुकानाच्या पायऱ्या चढले. मी घाईघाईनं खण लोटून दिला. क्लबनं नवा नियम केला होता: एक तारखेपासून जमिनीशी बोलायचा रेडिओ असल्याशिवाय कुठलंही खासगी विमान उडणार नाही.

"मग घेऊ या रेडिओ," तात्यासाहेब म्हणाले. "एक विश्वासकडे, एक माझ्याकडे. मी खालून बोलेन. कोणता निवडायचा ते तुम्ही सांगा."

"जी," मी म्हणालो. ते समोर असले की माझीही जीभ तशी वळायची.

शहरातल्या हजिरा भागात एका कबाड्याकडे लढाईतलं जुनं लष्करी सामान यायचं. तिथून मी दोन जोड्या उचलून आणल्या आणि दिवसभर खपून चालू केल्या. पहिल्या जोडीतला रेडिओ हातात धरायचा, हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब; टेलिफोनसारखं वरच्या टोकाला ऐकायचं, खालच्या टोकाला बोलायचं. दुसरी जोडी म्हणजे खांद्याला अडकवायची पेटी, कानांवर बसवायचे हेडफोन आणि छातीशी बांधायचा माइक. बटण दोन्हींना होतं. दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं.

"दुसरी घ्या," मी तात्यासाहेबांना म्हणालो. "उघड्या विमानात वारा आणि इंजिन मिळून इतका गोंगाट असतो की कान झाकल्याशिवाय काही कळत नाही. शिवाय पहिल्यात एक हात कायमचा अडकला."

त्यांनी हेडफोन उलटसुलट करून पाहिले. "हे डोक्यावर बसवायचं?"

"जी."

"म्हणजे फेटा काढायचा? चार लोकांत?"

तात्यासाहेबांना उघड्या डोक्यानं मी जन्मात पाहिलं नव्हतं. बहुधा त्यांच्या सुनेनंही नाही.

"हा हातातला असू दे," ते म्हणाले. "घोड्यावर लगामही एकाच हातात असतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यंत्र निवडायचं कानासाठी आणि निवडलं गेलं फेट्यासाठी. पण त्यांना सांगणार कोण? विश्वासराव शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "जी."

तीस तारखेला सकाळी मैदानावर चाचणी ठरली. विश्वासराव वर गेला. तात्यासाहेब धावपट्टीच्या कडेला ताठ उभे, रेडिओ कानाला, फेटा जागच्या जागी. मी शेजारी, न निवडलेली पेटीची जोडीही बरोबर घेऊन.

"विश्वास, ऐकताय ना?" त्यांनी विचारलं आणि बटण सोडलं.

कडकड आवाजातून उत्तर आलं, "जी."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "रमाकांत, तो तिथे आहे आणि मी इथून त्याच्याशी बोलतोय!" त्या क्षणी मला त्यांची फार माया आली, हेही सांगायला हवं.

मग बैल आले. पट्टी सपाट करायचा दगडी रूळ ओढत क्लबचा माणूस बैलजोडी घेऊन थेट धावपट्टीच्या मधोमध निघाला. आज चाचणी आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तिकडे विश्वासराव वळून उतरायला लागला होता, आणि असल्या विमानात उतरताना नाकासमोरचं नीट दिसत नाही.

तात्यासाहेबांनी बटण दाबलं. रिसाल्यात हुकूम देत तसे, थांबत थांबत बोलले, "विश्वास... पट्टीवर बैल आहेत... वर जा... फेरी मारून या."

विमान खालीच येत राहिलं.

"पुन्हा सांगा!" मी ओरडलो. त्यांनी पुन्हा सांगितलं, तसंच थांबत थांबत. बटण सोडलं तेव्हा रेडिओतून विश्वासरावाच्या 'जी'चं शेपूट ऐकू आलं आणि घोळ माझ्या लक्षात आला. तात्यासाहेब श्वास घ्यायला थांबले की वर तो इमानेइतबारे बटण दाबून 'जी' म्हणत होता. बटण दाबलेलं असताना ऐकू येत नाही. बैल, वर जा, फेरी, सगळं त्याच्या 'जी'खाली गडप होत होतं.

मी कोट काढला आणि धावलो. कोट डोक्यावर गरगर फिरवत, तोंडाला येतील त्या शिव्या देत पट्टीवरून धावत सुटलो. अगदी शेवटी इंजिन गरजलं आणि चाकं बैलांच्या शिंगांवरून निघून गेली. बैल रुळासकट गवतात पळाले. त्यांचा माणूस पालथा पडून रामाचा धावा करत होता. कुणाला साधं खरचटलंही नाही.

विश्वासराव उतरून जवळ आला तेव्हा मी कशाचाच मुलाहिजा ठेवला नाही.

"जी कशाला म्हणत होतास, गाढवा?"

"ते बोलत होते ना," तो म्हणाला. अगदी दुकानात म्हणायचा तसंच.

"ते बोलत असताना तू बोललास तर तुला काही ऐकू येत नाही! आणि तात्यासाहेब, तो बोलत असताना आपण बोललात तर त्याचं आपल्याला ऐकू येणार नाही. यात हुंकार चालत नाहीत. बोलणाऱ्याचं संपलं की त्यानं 'ओव्हर' म्हणायचं. तो म्हणेपर्यंत दुसऱ्यानं बटणाला हात लावायचा नाही. मग तो कर्नल असो की कारकून."

तात्यासाहेबांनी गवतातल्या बैलांकडे पाहिलं.

"ती पेटीची जोडी आणा," ते म्हणाले.

मग त्यांनी दोन्ही हातांनी फेटा उचलला आणि माझ्या हातात दिला. खाली विरळ पांढरे केस होते आणि कपाळावर फेट्याचा वळ. क्लबची माणसं बघत होती. तात्यासाहेबांनी हेडफोन चढवले. "पुन्हा जा, विश्वास."

विश्वासरावाची पेटी बांधून द्यायला मी विमानापाशी गेलो. माझ्या हत्यारांच्या पिशवीत ते पाकीट होतं. सकाळी निघताना राहवलं नाही म्हणून खणातून उचललं होतं. ते मी त्याच्या खिशात कोंबलं.

"परवा हजर व्हायचं आहे, म्हणजे उद्याची गाडी गाठायला हवी. बटण तुझ्याकडे आहे. दाबून धर आणि बोल. त्यांना मध्ये बोलता येणार नाही."

"आणि मग?"

"मग ओव्हर म्हण. पुढचं त्यांच्याकडे."

"नाही जमणार रे."

"मग जी म्हणत बस, आणि एखाद्या दिवशी बैलांवर आदळून मर," मी म्हणालो आणि मागे न बघता निघालो.

तात्यासाहेबांच्या पेटीला हेडफोनच्या दोन जोड्या लागत. दुसरी मी कानांवर चढवली, फेटा छातीशी धरला. विमान वर गेलं. बराच वेळ नुसती खरखर. माझा एक पाय सारखा हलत होता. मग खरखर थांबली.

"तात्यासाहेब, मी विश्वास. मला काही सांगायचं आहे."

तात्यासाहेबांचा अंगठा बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. 'ओव्हर' झालं नव्हतं.

"मला भोपाळला नोकरी लागली आहे. परवा हजर व्हायचं आहे. शालिनी आणि मुलं मागून येतील."

पुढे शब्द नाही. पण खरखरही नाही, म्हणजे बटण दाबलेलंच होतं. वाऱ्याचा आवाज येत होता. तात्यासाहेबांचे ओठ हलले. मी मान हलवली: नाही, अजून नाही. त्या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाच्या वाक्यासाठी इतका वेळ वाट पाहिली नसेल.

"कळून वीस दिवस झाले. रोज ठरवत होतो. विमान विकून टाका, तात्यासाहेब. मला उडायला आवडतं, पण उडून उतरायचं ते पुन्हा इथेच. इथे मी फक्त आपला मुलगा आहे. तिथे लहानसा निरीक्षक असेन, पण ते मी मिळवलेलं असेल." पुन्हा वारा. "आपल्याला टाकून जात नाहीये मी. आपल्याशी इतकं सलग मी कधी बोललो नव्हतो. ओव्हर."

खरखर सुरू झाली. आता बटण त्यांच्याकडे होतं. विमानानं लांबवर वळसा घेतला. तात्यासाहेबांच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून मी फेट्याकडे बघत राहिलो; आतली कड घामानं ओली झाली होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर त्यांचा माइक ओढून मीच काहीतरी बोलून बसलो असतो.

तात्यासाहेबांनी बटण दाबलं. एरवी विश्वासराव त्यांच्यासमोर उभा राहायचा तसे, हात अंगाशी घेऊन, मान किंचित खाली घालून उभे राहिले.

"जी," ते म्हणाले.

बटण दाबूनच थोडे थांबले. मग म्हणाले, "पट्टी मोकळी आहे. सावकाश उतरा. ओव्हर."