डोळ्याचं पान, बोटाचं पान

जुळारी आपल्या मेहुण्याला पाण्यात पाहत असे. हे घरात दोघांनाच ठाऊक होतं, त्याला स्वतःला आणि त्याच्या बायकोला. मेहुण्याची समजूत अशी की भावजी अबोल आहेत, पुस्तकी आहेत, पण मनाने सोनं. म्हणून आल्या आल्या तो पाठीवर थाप मारून म्हणायचा, "काय भावजी, आजही तोंडाला कुलूपच का?" आणि जुळारी हसल्यासारखं करायचा.

मेहुणा वायरमन होता. साठी उलटली तरी शिडीवर असा चढे की बघणाऱ्याला धाप लागावी. पंखा, इस्त्री, दारावरची घंटा, जे म्हणून रुसून बसलं ते त्याच्या हातात गेलं की मुकाट्याने चालू होई. जुळाऱ्याने चौतीस वर्षं छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले होते. उलटी अक्षरं तो तुम्ही-आम्ही सुलट वाचतो तशी वाचायचा. पण उलटी अक्षरं वाचून काही गळका नळ थांबत नाही. पुढे छापखान्यात संगणक आले आणि जुळारी घरी आला.

दोन वर्षांपूर्वी बायकोच्या नजरेच्या बरोबर मधोमध एक करडा डाग येऊन बसला. कडेकडेचं दिसायचं, पण जे बघायला जावं नेमकं तेच पुसट. डॉक्टर म्हणाले, आहे ती नजर टिकवू या. जन्मभर अधाशासारखं वाचलेली बाई. तिने सगळी पुस्तकं कपाटात लावली आणि खुर्ची फिरवून कपाटाकडे पाठ करून बसली. तेव्हापासून जुळारी तिला वाचून दाखवू लागला. दुपारी तीन ते साडेचार.

आता हे सांगायला जरा जड जातं, पण ते दीड तास त्याच्या संसारातले सगळ्यात सुखाचे होते. स्वतःचं म्हणून त्याला कधी धड बोलता आलं नाही. दुसऱ्याची वाक्यं हाती लागली की मात्र त्याचा गळा मोकळा व्हायचा. सध्या एका दीपगृहाच्या रखवालदाराची तीन भागांची कादंबरी चालली होती आणि दुसरा भाग निम्मा झाला होता. बायको मधूनच फटकारायची, "अहो, काय हा मठ्ठ माणूस! ती बिचारी किनाऱ्यावर उभी आणि हा काचा पुसतोय! तुमच्याच कुळातला दिसतो." जुळारी चष्म्यावरून तिच्याकडे बघायचा आणि पुढचं वाक्य मुद्दाम सावकाश वाचायचा.

असं सगळं छान चाललेलं असताना एका दुपारी वायरमन खांद्याला पिशवी अडकवून आला.

"ताई, तुला पुस्तक बनवून देतो."

"तू? तुला शाळेत पुस्तक उघडायला लावताना आईच्या तीन पट्ट्या मोडल्या!"

"म्हणून तर बिनपानाचं बनवतोय." त्याने टेबलावरची रखवालदाराची कादंबरी उचलून खिडकीत ठेवली आणि पिशवी रिकामी केली. पत्त्यांच्या जोडाएवढी एक हिरवी पाटी निघाली. "हा अख्खा संगणक. आणि हा टचस्क्रीन. दोन्ही जोडायचे, मागे बॅटरी, वरून प्लायवूडची चौकट. झाला टॅबलेट. अक्षर शर्टाच्या बटणाएवढं करता येतं."

"असले बाजारात तयार मिळतात," जुळारी म्हणाला. त्या दुपारचं त्याचं हे पहिलंच वाक्य.

"मिळतात की. पण त्यांत सतरा भानगडी असतात, भावजी. ताईला एकच काम हवंय. उजवीकडे बोट लावलं की पुढचं पान, डावीकडे लावलं की मागचं, वर लावलं की अक्षरं लहान-मोठी. बास. ग्रंथालयाच्या साठ्यातून तुमच्या त्या दिवेवाल्याचे तिन्ही भागसुद्धा उतरवून आणलेत."

तिन्ही भाग! तिसरा भाग जुळारी पुरवून पुरवून वाचणार होता.

पाच दुपारी हा उद्योग चालला. "आज वाचन राहू द्या ना हो, धाकट्या आलाय," असं बायकोने पहिल्या दिवशी म्हटलं. नंतर म्हणायचीही गरज उरली नाही. वायरमन तारांना डाख द्यायचा, खोलीभर जळका वास सुटायचा आणि बायको तळहातावर स्क्रू घेऊन बसायची. लहान कुठला, मोठा कुठला, ते ती न बघता बोटांनीच ओळखायची आणि भाऊ मागेल तो पुढे करायची. लहानपणी दोघांनी कुणाची सायकल कशी खोलली आणि ती कशी परत जोडताच आली नाही, यावर दोघं डोळ्यांत पाणी येईतो हसली. ही सायकल जुळाऱ्याला चाळीस वर्षांत कुणी सांगितली नव्हती.

"भावजी, जरा टॉर्च धरता?"

जुळाऱ्याने टॉर्च धरली. फक्त हवी तिथून बोटभर बाजूला.

शुक्रवारी, चौकटीत बसवण्याआधी, पडदा टेबलावर आडवा ठेवून चाचणी झाली. बायकोने उजवीकडे बोट लावलं. पान सरकलं. तिने मोठमोठी अक्षरं डोळ्यांच्या कडेने टिपत एक ओळ वाचली, मग दुसरी, आणि टाळ्या पिटल्या. "धाकट्या, मेल्या, वाचलं रे मी!" जुळारीही "वा" म्हणाला. पण तो "वा" इतका बारीक होता की त्याचा त्यालाच ऐकू आला नसावा.

मग वायरमनच्या मनाने घेतलं की पुस्तक कसं उभं असतं, तसाच पडदाही उभा हवा. सोमवारी त्याने चौकट उभी केली, पडदा उभा बसवला, संगणकाला सांगून अक्षरंही उभी करून घेतली. दिसायला ऐटबाज झालं. बायकोने उजवीकडे बोट लावलं, तर पानाऐवजी अक्षरांच्या मापांची यादी उघडली. यादीतल्या मापावर बोट ठेवलं, तर यादी गेली आणि पान मागे आलं.

"फीत दबली असणार," वायरमन म्हणाला. पडदा आणि पाटी जोडणारी ती चपटी फीत त्याने काढली, फुंकली, परत बसवली. चारदा चौकट खोलली, चारदा बंद केली. तारेचा माणूस तो. बिघाड असेल तर तारेतच असणार, हा त्याचा जन्माचा विश्वास. शेवटी घाम पुसत म्हणाला, "पडदाच नासका निघाला, ताई. दुसरा मागवतो. आठवडा लागेल."

बायकोचा चेहरा उतरला. जुळाऱ्याने तिला पाणी आणून दिलं. त्याला स्वतःला अर्थातच फार हलकं वाटत होतं.

मंगळवारी सकाळी ती शेजारणीकडे गेली तेव्हा जुळारी त्या यंत्रापुढे येऊन बसला. खरं म्हणजे वाकुल्या दाखवायलाच. मोठा आला पुस्तक बनवणारा! त्याने उजवीकडे बोट लावलं. यादी आली. खाली लावलं. पान पुढे गेलं. वर लावलं तर पान मागे आलं. पुन्हा खाली, पुन्हा पुढे.

जुळाऱ्याचं बोट हवेतच थांबलं.

छापखान्यात एका मोठ्या चौकटीत सोळा पानं एकदम आवळावी लागत. काही उभी, काही उलटी, काही आडवी. कागदाची घडी पडली की सगळी आपोआप सरळ व्हायची. डोक्याने विचार करणारा तिथे हमखास चुकायचा, ते हातालाच कळायला लागे. आणि त्याच्या हाताला ते आता कळलं होतं. वायरमनने डोळ्याचं पान उभं केलं होतं, बोटाचं पान आडवंच राहिलं होतं. फीत बिचारी धडधाकट होती.

त्याने मनातल्या मनात पान कुशीवर झोपवलं आणि बोट चालवलं. यंत्र गोगलगायीसारखं गरीब झालं. अकरा पानं त्याने अशी वाचून काढली. मग रुमालाने काचेवरचे ठसे पुसले आणि ते होतं तसं ठेवून दिलं.

आणि मूग गिळून बसला.

स्वतःची समजूत घालायला कारणं होती. आपल्याला यंत्रातलं काय कळतं? चुकत असू आपण. उगाच कशाला शहाणपणा? त्याचा संकोच आयुष्यभर त्याला नडत आला होता, यावेळी प्रथमच तो उपयोगी पडला. तीनला त्याने कादंबरी उघडली. मंगळवार, बुधवार, गुरुवार. इतकं सुरेख त्याने कधी वाचलं नव्हतं. वादळाच्या प्रकरणात तर त्याचा आवाज असा चढला की खालच्या मजल्यावरचा शिंपी बघायला आला, कुणाचं भांडण लागलंय म्हणून.

बायको हसली. पण मधूनमधून तिचं लक्ष टेबलाकडे जायचं, आणि ती मध्ये काहीच बोलत नव्हती. रखवालदाराला एक शिवीसुद्धा दिली नाही.

शुक्रवारी सकाळी जुळारी दूध घेऊन लवकर परतला. दार नुसतंच लोटलेलं होतं. आत बायको यंत्रापुढे बसली होती. तिने पदराने बोट पुसलं, काचेवर टेकवलं. यादी उघडली. तिने उठून साबणाने हात धुतले, नीट कोरडे केले, मग दुसऱ्या हाताचं बोट टेकवलं. पुन्हा यादी. बोटावर फुंकर मारून पाहिली. मग फोन उचलला.

"धाकट्या, दुसरा पडदा नको आणूस रे... नाही, पडद्याचा दोष नाही. पहिल्या दिवशी चालला होता की. माझी बोटंच मेलीत. आधी डोळे गेले, आता बोटं... नाही रे, रडत नाहीये. हे आहेत ना वाचायला. चालवून घ्यायचं आता."

चालवून घ्यायचं. जुळारी दुधाची पिशवी हातात घेऊन उंबऱ्यातच उभा राहिला. एवढे दिवस त्याला मेहुण्याचा राग होता, त्या हिरव्या पाटीचा होता. आता राग कुणावर काढावा ते कळेना. तिला आपली गरज लागावी एवढंच त्याला हवं होतं, आणि ती तर लागली होती.

त्याने तिच्या हातातून फोन घेतला. "अरे, मी बोलतोय. जरा ये. लगेच."

वायरमन तासाभरात आला, घाबराघुबरा होऊन. भावजींनी आपणहून फोनवर बोलणं ही त्याच्या लेखी आणीबाणीच होती.

"चूक असेल माझी," जुळारी म्हणाला. "म्हणजे मला यातलं कळत नाही. पण तू अक्षरं फिरवलीस, तसा स्पर्श फिरवला नाहीस. हे बघ." आणि त्याने खाली बोट लावून पान पुढे नेलं, वर लावून मागे आणलं, उजवीकडे लावून यादी उघडली.

वायरमनने आ वासला. मग कपाळावर हात मारून घेतला. "गाढव आहे मी, गाढव! चार वेळा खोललं आणि..." त्याने छोटा कीबोर्ड जोडला, वहीत बघून एक ओळ टाईप केली, यंत्र बंद करून चालू केलं. "भावजी, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात! कधी आलं हो लक्षात?"

आज सकाळी, एवढंच म्हणायचं होतं. दोनच शब्द. जुळाऱ्याच्या ते ओठांपर्यंत आलेही.

"मंगळवारी," तो म्हणाला.

वायरमन हसता हसता थांबला. मग उगाचच पिशवीतले स्क्रू डबीत भरू लागला.

बायकोने मान जराशी वळवली. नवऱ्याला नीट बघायचं असलं की ती अशी कडेने बघायची.

"मंगळवारपासून मी बोटं धुतेय," ती म्हणाली.

जुळाऱ्याने मान खाली घातली. दीपगृहाच्या रखवालदाराकडे अशा प्रसंगी निदान पुसायला काच असायची.

"धाकट्या, चहा घेऊन जा," ती म्हणाली. चहा तिनेच केला. तिघांनी घेतला, आणि वायरमन गेला. जाताना त्याने पाठीवर थाप मारली नाही.

तीन वाजले. बायको खिडकीजवळ जाऊन बसली आणि यंत्र मांडीवर घेतलं. जुळारी नेहमीच्या खुर्चीत बसला. काय करावं न सुचून त्याने कादंबरी उघडली, गुरुवारी जिथे थांबले होते तिथेच. तीही तिथूनच वाचत असणार. तिच्या बोटाची काचेवर टकटक ऐकू येत होती, संथ, मग जरा भरभर. एवढ्या मोठ्या अक्षरांत कागदाच्या एका पानाला तिला दहा-अकरा वेळा तरी बोट लावावं लागणार, असा त्याने हिशेब बांधला. आपलं पान संपलं तरी ते न उलटता तो टकटक मोजत थांबला. तिच्या पुढे जायचं नव्हतं त्याला.

बायको एकदम खुदकन हसली. जुळाऱ्याने सबंध पान वरपासून खालपर्यंत चाळलं. हसण्यासारखं त्याला काही सापडेना.

"काय झालं? कुठे आलीस? तो दीपगृहातून खाली उतरला का?"

"अहो, मध्ये बोलू नका," ती म्हणाली आणि तिने पुढचं पान काढलं.